आधी घड्याळजी शोधा, मग घड्याळ

जुना मेकॅनिकल क्रोनोग्राफ, म्हणजे आत स्टॉपवॉच असलेलं मनगटी घड्याळ, घ्यायचं मनात आलं की बहुतेकजण थेट विक्रीच्या जाहिराती चाळायला बसतात. माझं सांगणं उलटं आहे. घड्याळाचा फोटोही बघू नका, आधी क्रोनोग्राफ दुरुस्त करणारा माणूस शोधा. एचएमटीचं साधं चावीचं घड्याळ कुठल्याही पेठेत दुरुस्त होतं. क्रोनोग्राफ म्हणजे एका घड्याळाच्या डोक्यावर बसवलेलं दुसरं यंत्र. सुरू करायला एक लीव्हर, थांबवायला ब्रेक, काटे शून्यावर आणायला हातोडे आणि त्या हातोड्यांखाली हृदयाच्या आकाराचे कॅम. हे उघडून, साफ करून, पुन्हा जुळवणारे हात आता कमी राहिलेत. पुष्कळ घड्याळजी सरळ म्हणतात, 'हे आम्ही घेत नाही.' असं म्हणणाऱ्या माणसाचा मला आदर वाटतो. भीती वाटते ती 'ठेवून जा, उद्या या' म्हणणाऱ्याची.

मी पुण्यात एका पॉलिटेक्निकमध्ये मेट्रॉलॉजीची, म्हणजे अचूक मोजमापाची, लॅब बघते. मायक्रोमीटर, डायल गेज, स्लिप गेज यांच्यात माझा दिवस जातो. घड्याळांचा नाद त्यातूनच लागला, आणि गेली काही वर्षं मनगटावर सिकोचा ६१३९ हा ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारा, क्रोनोग्राफ आहे. पुढे जे सांगते आहे ते मुख्यतः याच घड्याळाबद्दल. पहिल्यांदाच जुना क्रोनोग्राफ घेणाऱ्याला मी हेच सुचवेन. तो बऱ्यापैकी संख्येने बनला, त्याचे सुटे भाग अजून मिळतात, त्याच्याबद्दलची माहिती पक्की आहे आणि तो रोज वापरता येतो.

घड्याळजीची परीक्षा कशी घ्यायची? मी एकच प्रश्न विचारते: 'काका, सिकोच्या क्रोनोग्राफचं सेंटर व्हील तुम्ही कसं धुता?' ६१३९ मध्ये मधल्या चाकावरच क्लच, म्हणजे क्रोनोग्राफ घड्याळाला जोडणारा आणि सोडवणारा भाग, बसवलेला असतो. तो एकसंध भाग आहे. तो उघडायचा नाही आणि बाकीच्या चाकांबरोबर पेट्रोलच्या वाटीत बुडवायचाही नाही, कारण त्यातलं वंगण धुऊन गेलं की क्लच नीट काम करत नाही. ज्याला हे ठाऊक आहे तो लगेच म्हणेल, 'ते बाजूला ठेवतो, बुडवत नाही.' माझे घड्याळजी काका हा प्रश्न ऐकून हसले आणि म्हणाले, 'ताई, हे विचारणारी गिऱ्हाइकं आमच्याकडे येत नाहीत.' मी त्या दिवशी घड्याळ न घेताच गेले होते. घड्याळ नंतर आलं.

हे घड्याळ नेमकं काय आहे

१९६९ साली ऑटोमॅटिक क्रोनोग्राफची मोठी शर्यत होती. झेनिथने जानेवारीत 'एल प्रिमेरो' जाहीर केला. मार्चमध्ये हॉयर, ब्राइटलिंग, हॅमिल्टन-ब्यूरेन आणि द्यूबुआ-देप्रा यांनी मिळून केलेलं 'कॅलिबर ११' हे यंत्र पुढे आलं. सिकोने फारसा गाजावाजा न करता मे महिन्यात ६१३९ जपानच्या दुकानांत ठेवला. पहिला कोण, यावर शौकीन अजून भांडतात. मला त्यात रस नाही. मला रस आहे तो सिकोने आत काय केलं यात. जुन्या स्विस यंत्रांत बटण दाबलं की एक दातेरी चाक आडवं सरकून दुसऱ्यात अडकतं. दात दातावर आला तर सेकंदकाटा सुरुवातीलाच एक बारीक उडी मारतो. सिकोने क्लच उभा केला. चकतीवर चकती दाबली जाते आणि काटा अलगद निघतो. नियंत्रणासाठी कॉलम व्हील आहे, म्हणजे किल्ल्याच्या बुरुजांसारखे खांब असलेलं एक छोटं चाक. यंत्र ताशी २१,६०० ठोके टाकतं, म्हणजे सेकंदाला ६. त्यामुळे सेकंदाच्या सहाव्या भागापर्यंत मोजता येतं. धावण्याच्या शर्यतीला हे पुरत नाही, पण रोजच्या आयुष्याला भरपूर होतं.

या घड्याळात रोजचा सेकंदकाटा नाही. मधला लांब काटा क्रोनोग्राफचा, आणि सहाच्या जागी ३० मिनिटांची छोटी तबकडी. तीनला वार आणि तारीख. बाहेरच्या कड्यावर टॅकीमीटर, म्हणजे वेग मोजायची पट्टी, आणि काचेच्या आत फिरणारी एक रिंग, जी चावीने फिरते. केस, म्हणजे बाहेरचं धातूचं कवच, सुमारे ४१ मिलिमीटरची, पट्ट्याची जागा १९ मिलिमीटर. हा आकडा लिहून ठेवा, पट्टा घेताना लागेल.

पिवळ्या तबकडीच्या घड्याळाला जगभर 'पोग' म्हणतात. विल्यम पोग हे अमेरिकी अंतराळवीर १६ नोव्हेंबर १९७३ ला स्कायलॅब या अंतराळस्थानकावर गेले आणि ८४ दिवस राहून परतले. नासाने त्यांना ओमेगा दिलं होतं, पण सराव ज्या सिकोवर केला ते १९७२ मध्ये लष्करी तळावरच्या दुकानातून ७१ डॉलरला घेतलेलं घड्याळ त्यांनी बरोबर नेलं, परवानगी न विचारता. इंजिनाचं प्रज्वलन किती सेकंद चाललं हे मोजण्याचा सराव त्यांनी याच घड्याळावर केला होता. अंतराळात गेलेल्या पहिल्या ऑटोमॅटिक क्रोनोग्राफांपैकी हा एक. या गोष्टीमुळे पिवळी तबकडी महाग झाली आणि तिच्या नकलाही सर्वांत जास्त निघाल्या. म्हणून माझा सल्ला: पहिलं घड्याळ निळ्या किंवा चंदेरी तबकडीचं घ्या. आतलं यंत्र तेच असतं.

कुठे मिळेल

पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार आणि मुंबईत चोरबाजार, म्हणजे मटण स्ट्रीट आणि आसपासच्या गल्ल्या. या दोन्ही ठिकाणी जरूर जा, पण डोळे तयार करायला जा. लगेच खरेदी करू नका. मुंबईच्या बाजारात नव्याने रंगवलेल्या तबकड्यांचा मोठा धंदा आहे. परदेशातले संग्राहक अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात आणि हे त्यांनी कौतुकाने दिलेलं नाव नाही. जुनी खराब तबकडी घासून, वर भडक रंग आणि अक्षरं छापून, केस पॉलिश करून ते घड्याळ 'मिंट कंडिशन' म्हणून पुढे येतं. हातात घेतलं की छान दिसतं. भिंगाखाली धरलं की अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसतात, मिनिटांच्या रेघा आतल्या रिंगच्या रेघांशी जुळत नाहीत, आणि तारखेच्या खिडकीची कड कच्ची दिसते.

जपानच्या लिलावांतून मध्यस्थामार्फतही घेता येतं. तिथे 'जंक' असा शेरा असेल तर त्याचा अर्थ विक्रेता कशाचीही हमी देत नाही, एवढाच. कधी त्यात चालू घड्याळही निघतं. पण मध्यस्थाचं कमिशन, टपालखर्च आणि आपल्याकडची कस्टम्स ड्युटी मिळवल्याशिवाय आकडा मनात पक्का करू नका.

माझ्या मते सर्वांत चांगली जागा म्हणजे घरं. ६१३९ बनत होता तो काळ आठवा. १९६९ ते सत्तरचं दशक संपेपर्यंत. १९७३ नंतर तेलाच्या किमती वाढल्या, आखाती देशांत कामं निघाली आणि रत्नागिरी, खेड, चिपळूण, श्रीवर्धन, म्हसळा या भागांतून माणसं कुवेत-दुबईला गेली. पहिल्या सुट्टीला घरी येताना त्यांच्या मनगटावर सिको असायचं. त्यातली किती तरी घड्याळं अजून कपाटात, दागिन्यांच्या डब्यात, देव्हाऱ्याच्या खणात पडून आहेत. माझं घड्याळ खेडजवळच्या एका गावातून आलं. कुवेतला पाइप फिटर म्हणून राहिलेल्या एका आजोबांचं होतं ते, त्यांच्या सुनेने दाखवलं. निळी तबकडी, लाल-निळं कडं, उन्हाने त्यातला लाल फिकट गुलाबी झालेला, आणि केसच्या डाव्या बाजूला पान्याने पडलेला एक खोल ओरखडा.

घरातून घेताना एक गोष्ट काटेकोरपणे पाळा. समोरच्याला घड्याळाची बाजारातली खरी किंमत सांगा. त्यांना ती माहीत नसते, आणि त्याचा फायदा घ्यायचा नाही. मी आजोबांना मोबाइलवर तसल्याच घड्याळांचे विकले गेलेले भाव दाखवले. लक्षात घ्या, विकले गेलेले. मागितलेले भाव कोणीही काहीही लिहितो. मग सर्व्हिसिंगला काय लागेल तेही सांगितलं आणि दोघांना पटेल तो आकडा ठरला. आजोबांनी नातवाला विचारून मगच होकार दिला. नातू 'मला हवं' म्हणाला असता तर मी परत आले असते, आणि तेच योग्य झालं असतं.

झाकण, नंबर, तबकडी

घड्याळ उलटं करा. झाकणावर ६१३९ आणि त्यापुढे चार आकडे असतात. ६००० ते ६००९ मधले बरेचसे नंबर एकाच घराण्यातले आहेत, वेगवेगळ्या बाजारांसाठी दिलेले. झाकणावर ६००२ आणि तबकडीवर ६००९ दिसलं म्हणून घाबरू नका, ते चालतं. सुरुवातीचे ६१३९ मात्र दोन्हीकडे हवेत.

खाली सहा आकडी अनुक्रमांक असतो. पहिला आकडा वर्षाचा, दुसरा महिन्याचा. ऑक्टोबरला शून्य, नोव्हेंबरला इंग्रजी एन, डिसेंबरला डी. माझ्या घड्याळाचा नंबर ३८ ने सुरू होतो, म्हणजे ऑगस्ट १९७३. पहिला आकडा ९ असेल तर १९६९ की १९७९ हा प्रश्न पडेल. तेव्हा तबकडी बघा. सुरुवातीच्या तबकड्यांवर 'वॉटर ७० एम प्रूफ' लिहिलेलं असे, नंतर 'प्रूफ'च्या जागी 'रेझिस्ट' आलं, आणि त्यानंतर ती ओळच गेली. १९७६ च्या झाकणावर 'प्रूफ'वाली तबकडी दिसली तर दोन घड्याळांचं एक केलेलं आहे हे ओळखा. असं घड्याळ वाईटच असतं असं नाही, वापरायला चालेल. किंमत मात्र त्याप्रमाणे द्या.

तबकडीच्या अगदी तळाशी, सहाच्या खाली, डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा अक्षरांत 'जपान' आणि तबकडीचा नंबर असतो. दहा पटीचं भिंग घ्या, घड्याळजी डोळ्याला लावतात ते, फार महाग नसतं. ती ओळ नसली किंवा फुगीर, पसरट दिसली तर तबकडी नवी आहे. तबकडीवर थोडे काळपट ठिपके, काट्यांवरचा चमकणारा रंग पिवळट पडलेला, यांना मी दोष मानत नाही. काटे आणि तबकडी एकसारखे म्हातारे झालेले दिसले पाहिजेत. तबकडी जुनी आणि काटे लख्ख पांढरे, असं असेल तर काटे बदललेत.

केसच्या कडा बोटाने चाचपा. कारखान्यातून निघालेल्या केसला ब्रशच्या रेघांचा भाग आणि चकचकीत भाग यांच्यामध्ये स्पष्ट धार असते. पॉलिशच्या चाकावर धरलं की ती धार विरघळते आणि पुन्हा आणता येत नाही. ओरखडे असलेली पण धार शाबूत असलेली केस मी कधीही पसंत करीन. ओरखडा म्हणजे धातू जागचा हलला, पॉलिश म्हणजे धातू गेला. लॅबमध्ये मुलांना गेज ब्लॉक हाताळायला शिकवताना मी हेच बजावते.

शक्य असेल तर झाकण उघडून घ्या. आतल्या बाजूला जुन्या घड्याळजींनी सुईने कोरलेल्या तारखा किंवा खुणा सापडतात. अशा दोन-तीन खुणा दिसल्या तर घड्याळाला कोणीतरी वेळच्या वेळी हात लावला आहे. यंत्रावर गंजाचा लालसर थर, किंवा स्क्रूच्या खाचा फाटलेल्या दिसल्या तर घड्याळ परत द्या. गंजलेलं यंत्र स्वस्तातही महाग पडतं.

चालवून बघणं

याला अर्धा तास लागतो. विक्रेता घाई करत असेल तर तो व्यवहार सोडा.

पहिलं, घड्याळ हातात धरून हळुवार झुलवा. ६१३९ ला हाताने चावी देता येत नाही. हे न कळल्यामुळे लोक चावी फिरवत बसतात, आतली रिंग फिरते आणि त्यांना वाटतं घड्याळ बंद आहे. सिकोची 'मॅजिक लीव्हर' ही रचना रोटरच्या, म्हणजे आत झुलणाऱ्या वजनाच्या, दोन्ही दिशांच्या फिरण्यातून स्प्रिंग भरते, त्यामुळे अर्धा मिनिट झुलवलं की चांगलं घड्याळ टिकटिकायला लागतं. जोरजोरात हलवायची गरज नाही.

मग वरचं बटण दाबा. काटा लगेच आणि न अडखळता निघाला पाहिजे. उभा क्लच असल्यामुळे इथे उडीला सवलत नाही. तो चालू ठेवा आणि चहा मागवा. दर मिनिटाला छोट्या तबकडीतला काटा पुढच्या रेघेवर जातो का बघा, आणि तीस मिनिटं पूर्ण होऊन तो पुन्हा सुरुवातीला येईपर्यंत थांबा. काही घड्याळं नेमकी विसाव्या-पंचविसाव्या मिनिटाला अडकतात आणि विक्रेत्याने दोनच मिनिटं चालवून दाखवलेलं असतं.

आता वरचं बटण पुन्हा दाबून थांबवा आणि मगच खालचं दाबून शून्यावर आणा. हे चार-पाच वेळा करा. काटा दर वेळी शून्याच्या थोडा उजवीकडे, पण त्याच जागी थांबत असेल तर तो फक्त नीट बसवलेला नाही, दुरुस्ती सोपी. दर वेळी वेगळ्या जागी थांबत असेल तर काट्याची नळी सैल आहे किंवा हातोडा झिजला आहे. तो खर्च किमतीतून वजा करा.

चावी अर्धी दाबली की तारीख बदलते, पूर्ण दाबली की वार. दोन्ही करून बघा, पण रात्री नऊनंतर नाही. त्या वेळी आतली तारखेची चाकं आधीच एकमेकांत अडकलेली असतात आणि दात तुटू शकतो. वाराची चकती दोन भाषांत असते. जपानी बाजाराच्या घड्याळात इंग्रजीबरोबर कांजी या जपानी लिपीतला वार येतो. चावी फिरवून आतली रिंग फिरते का बघा. पुष्कळ घड्याळांत तिला फिरवणारं छोटं चाक झिजलेलं असतं किंवा कोणीतरी काढूनच टाकलेलं असतं. ही उणीव मी खपवून घेते. वेळ दाखवण्याशी तिचा संबंध नाही.

मोबाइलवर टिकटिक ऐकून मोजणारी ॲप्स आहेत, पण बाजारातल्या गोंगाटात त्यांचा उपयोग नाही. घड्याळजींकडचं टाइमिंग मशीन खरं. पूर्ण भरलेल्या घड्याळाचं ॲम्प्लिट्यूड, म्हणजे बॅलन्स हे झुलणारं चाक किती अंश झुलतं तो आकडा, २२० ते २५० असेल तर मी समाधानी असते. दोनशेच्या खाली गेला तर आधी सर्व्हिसिंग, मग वापर.

दुसरं एखादं मशीन समोर आलं तर थोडक्यात: लँडेरॉन ४८ हे चाळीस-पन्नासच्या दशकांतल्या सोनेरी स्विस क्रोनोग्राफांत हमखास सापडतं. त्यात वरचं बटण फक्त सुरू करतं. थांबवणं आणि शून्यावर आणणं ही दोन्ही कामं खालच्या बटणाची. 'वरच्या बटणाने थांबत नाही, बिघडलंय' म्हणून ते स्वस्तात विकणारेही भेटतात. रशियन पोल्योत ३१३३ हे व्हाल्झू ७७३४ या स्विस यंत्रावर बेतलेलं, हाताने चावी द्यायचं दणकट यंत्र आहे. सिटीझनचं ८११० फ्लायबॅक आहे, म्हणजे काटा चालू असतानाच खालचं बटण दाबून नव्याने मोजणी सुरू करता येते. सिको ६१३९ वर मात्र हा प्रयोग करू नका. आणि पन्नासच्या दशकातलं किंवा त्याआधीचं, चमकणाऱ्या आकड्यांचं स्विस घड्याळ घेतलंत तर त्याची काच घरी उघडू नका. त्यावर रेडियम असू शकतं. त्याची चमक कधीच संपलेली असते, पण रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षांचं आहे. ती भुकटी श्वासात जाता कामा नये.

पहिलं सर्व्हिसिंग

विक्रेता 'नुकतंच सर्व्हिस केलंय' म्हणाला तरी ते झालेलं नाही असं धरूनच बजेट ठरवा. घड्याळजींना तीन गोष्टी आधीच सांगा, शक्य तर कागदावर लिहून द्या: केस पॉलिश करायची नाही, तबकडीला हात लावायचा नाही, आणि बदललेला प्रत्येक जुना भाग पुडीत घालून परत द्यायचा. माझे घड्याळजी काका पहिल्यांदा बॅरलच्या, म्हणजे मुख्य स्प्रिंग ज्यात असते त्या डबीच्या, आसाचं भोक तपासतात. वर्षानुवर्षं तेलाविना चाललेल्या घड्याळात ते अंडाकृती होतं, बॅरल तिरकं चालतं आणि ताकद वाया जाते. तिथे बुश, म्हणजे धातूची छोटी नळी, बसवावं लागतं. ते काम लेथवरचं आहे, सगळीकडे होत नाही. काच ओरखडलेली असेल तर बदलायला हरकत नाही. मेनस्प्रिंग नवी, सगळे गॅस्केट, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रिंगा, नवे. या कामाला महिना लागला तरी घाई करू नका.

माझ्या घड्याळाचा पान्याचा ओरखडा तसाच ठेवला आहे. फिकट झालेलं कडंही तसंच. बाजारात लाल-निळी नवी कडी मिळतात, झगझगीत. आजोबा कुवेतच्या उन्हात उभे राहून काम करत होते, तिथे त्या लालचा गुलाबी झाला. तो रंग कुठल्या दुकानात मिळत नाही.

मनगटावर

पावसाळा सोडून रोज घाला. ऑटोमॅटिकला हीच चावी. पूर्ण भरलेलं घड्याळ साधारण दीड दिवस चालतं. शनिवार-रविवार ठेवलंत तर सोमवारी थोडं झुलवून वेळ लावा. फिरत्या पेटीत ठेवायची गरज मला वाटत नाही. वापर नसताना यंत्राला विश्रांती मिळालेली बरी.

क्रोनोग्राफ सतत चालू ठेवावा का, हा नेहमीचा प्रश्न. उभ्या क्लचमुळे चालू ठेवल्याने घड्याळाच्या चालीवर फारसा फरक पडत नाही, आणि रोजचा सेकंदकाटा नसल्यामुळे पुष्कळजण तो चालूच ठेवतात. मी नाही ठेवत. छोटा मिनिटकाटा आणि त्याची चाकं कशाला उगाच फिरवायची? पण आठवड्यातून काही वेळा मात्र वापरतेच, कारण बटणं न दाबता वर्षभर राहिली तर त्यांच्यातलं वंगण घट्ट होतं. कुकरची शिट्टी झाल्यावर मंद आचेची दहा मिनिटं, लॅबमध्ये अॅरल्डाइट घट्ट होण्याआधीचा वेळ, फिजिओने सांगितलेला खांद्याचा व्यायाम. तीस मिनिटांची तबकडी या सगळ्याला पुरते. गाडी पार्क केली की आतल्या रिंगचा शून्य मिनिटकाट्यासमोर आणून ठेवते, क्रोनोग्राफ लागतच नाही.

टॅकीमीटर एकदा वापराच. एक्स्प्रेसवेवर, दुसरं कोणी गाडी चालवत असताना, किलोमीटरच्या दगडापाशी बटण दाबायचं आणि पुढच्या दगडापाशी थांबवायचं. काटा ३६ सेकंदांवर थांबला तर कड्यावर समोर १०० दिसतं, ४५ वर ८०. हिशोब सोपा आहे: ३६०० भागिले सेकंद. डेक्कन क्वीनमध्ये खिडकीशी बसलात तर विजेच्या खांबांवर किलोमीटर आणि खांबाचा क्रमांक लिहिलेला असतो. किलोमीटरचा आकडा बदलला की बटण दाबायचं.

पट्टा १९ चाच घ्या. दुकानदार १८ चा बसवून देतो, आणि मग दोन्ही बाजूंना फट राहून घड्याळ पिनेवर सरकतं, पिन झिजते. मूळ स्टीलचा पट्टा असेल तर त्याच्या कड्या ताणल्या आहेत का बघा. घड्याळ आडवं धरल्यावर पट्टा खाली लोंबला तर तो बाजूला जपून ठेवा आणि रोजला दुसरा लावा. उन्हाळ्यात मी कापडी पट्टा वापरते. चामडं घामाने महिन्या-दोन महिन्यांत वास मारायला लागतं. पट्ट्याची पिन वर्षातून एकदा नवी बसवा. घड्याळ पडतं ते जवळजवळ नेहमी पिनेमुळेच.

मोबाइलच्या स्पीकरवर, लॅपटॉपच्या झाकणावर, मॅग्नेट असलेल्या पर्सच्या बटणाजवळ ठेवू नका. लॅबमधल्या मॅग्नेटिक स्टँडपासून मी माझं घड्याळ हातभर लांब ठेवते. एकाएकी दिवसाला कित्येक मिनिटं पुढे जायला लागलं तर हेअरस्प्रिंगची, म्हणजे बॅलन्सच्या बारीक स्प्रिंगची, वेटोळी चुंबकत्वाने एकमेकांना चिकटली असण्याची शक्यता मोठी. डीमॅग्नेटायझरवर काही सेकंदांचं काम आहे, उघडायलाही लागत नाही. दिवसाला अर्ध्या मिनिटाचा फरक मात्र पन्नास वर्षांच्या घड्याळाला मी सोडून देते.

राहिला पाऊस. तबकडीवर ७० मीटर लिहिलेलं असलं तरी ते १९७० च्या गॅस्केटबद्दल होतं. नवे गॅस्केट घातले तरी बटणांच्या नळ्या झिजलेल्या असतात. हात धुताना काढा, पोहताना अर्थातच काढा, आणि पाण्याजवळ बटणं दाबू नका. जून ते सप्टेंबर मी घड्याळ घरी हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवते आणि पाऊस उघडला त्या दिवशी घालते. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पुड्या दर पंधरवड्याला बदला किंवा तापवून कोरड्या करा. काचेच्या आत वाफ दिसली तर घड्याळ उन्हात ठेवू नका, तांदळातही पुरू नका, हेअर ड्रायरही नको. त्याच दिवशी घड्याळजींकडे न्या आणि झाकण उघडून घ्या. एक-दोन दिवसांत उघडलं तर बहुधा साफसफाईवर भागतं. आठवडाभर राहिलं तर गंज आधी चावीच्या दांड्यावर आणि तिथून तारखेच्या चाकांवर जातो. रविवारी दुकान बंद असेल तर घड्याळ काच वर करून सिलिका जेलच्या डब्यात ठेवा आणि सोमवारी दुकान उघडायच्या वेळी दारात हजर राहा.